१२७ टक्के आणि शून्य: घरच्या एआय शिकवणीबद्दलचा एक पेपर वाचताना



वहिनीचा फोन आला होता. "अगं, तू शिक्षणशास्त्रातच पीएचडी करतेयस ना? मग एवढं सांग, हिला घरी अभ्यासाला कुठलं एआय दिलं तर सेफ?" हिला म्हणजे माझ्या भाचीला. सातवीत आहे. गणिताची शिकवणी लावायची तर तालुक्याच्या गावी जावं लागतं, संध्याकाळच्या एसटीचा भरवसा नाही, आणि दादाचा मोबाईल रात्री आठनंतर रिकामाच असतो.

सगळे सांगतात तेच मी सांगितलं. खरं नाव, शाळेचं नाव, फोटो टाकू देऊ नका. वेगळ्या खोलीत नको, सगळे बसता तिथेच वापरू दे. खातं तुमचं असू दे आणि अधूनमधून काय बोलणं झालंय ते वाचा. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय, त्याचा डेटा वापरायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, हेही सांगून टाकलं. वहिनी म्हणाली, "बरं, म्हणजे एवढं पाळलं की दिलं तर चालेल." मी म्हटलं, हो.

फोन ठेवला आणि चुकल्यासारखं वाटायला लागलं. कारण त्याच आठवड्यात मी आमच्या वाचनगटासाठी एक पेपर वाचत होते, आणि त्यात एक असा धोका मोजलेला होता जो माझ्या त्या यादीत कुठेच नव्हता. त्या धोक्यात मूल कुठलंही वाईट चित्र बघत नाही, कुणाला पत्ता देत नाही. ते शहाण्यासारखं गणितं सोडवतं, सगळी बरोबर येतात, आणि शिकत नाही.

पेपर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलच्या हम्सा बस्तानी आणि सहकाऱ्यांचा. प्रयोग झाला तुर्कस्तानात, २०२३ च्या शेवटच्या महिन्यांत, एका हायस्कुलात. नववी ते अकरावीचे जवळपास हजार विद्यार्थी, विषय गणित. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी याची बातमी वाचली असेल, "एआयमुळे मुलांचं नुकसान" अशा मथळ्याची. पण बातमी वाचलेला पेपर हा न वाचलेला पेपर असतो, म्हणून आज सावकाश बघू.

प्रत्येक सत्र ९० मिनिटांचं, अशी चार सत्रं. आधी शिक्षक विषयाची उजळणी घेतात. मग सरावाची गणितं. मग लगेच परीक्षा: पुस्तक बंद, लॅपटॉप बंद. परीक्षेतली गणितं सरावातल्या गणितांच्याच जातीची. फरक फक्त मधल्या टप्प्यात. एका गटाला सरावासाठी नेहमीसारखी वही आणि पाठ्यपुस्तक, हा कंट्रोल ग्रुप. दुसऱ्या गटाला जीपीटी-४ वर चालणारा साधा चॅट, म्हणजे आपण रोज वापरतो तसला. तिसऱ्या गटाला त्याच जीपीटी-४ चं 'शिक्षक' रूप. या रूपाला आधीच बजावलेलं होतं की उत्तर देऊन टाकायचं नाही, इशारे द्यायचे. शिवाय प्रत्येक गणिताचं बरोबर उत्तर, मुलं कुठे चुकतात आणि तिथे कसं वळवायचं, हे शाळेतल्या शिक्षकांच्या मदतीने आत भरलेलं होतं. हा शेवटचा मुद्दा डोक्यात ठेवा, त्यावर परत येणार आहे.

आता आकडे. सरावात साध्या चॅटवाल्यांना कंट्रोलपेक्षा ४८ टक्के जास्त गुण पडले. 'शिक्षक' रूपवाल्यांना तर १२७ टक्के जास्त. एखाद्या कंपनीकडे एवढंच असतं तर जाहिरात इथेच छापून झाली असती! मग लॅपटॉप मिटले. साध्या चॅटवाल्यांना परीक्षेत कंट्रोलपेक्षा १७ टक्के कमी गुण. आणि 'शिक्षक' रूपवाल्यांना? कंट्रोलइतकेच. १२७ टक्क्यांची ती झेप परीक्षेच्या कागदावर जवळजवळ शून्य झाली.

इथे थोडी शिकवणी. "१७ टक्के कमी" म्हणजे शंभरातले १७ गुण गेले असं नव्हे. कंट्रोल गटाच्या सरासरीच्या १७ टक्के. समजा कंट्रोलची सरासरी ३० असती, तर चॅटवाल्यांची साधारण २५. पाच गुणांचा फरक. वाईटच, पण मथळा वाचून डोक्यात जे चित्र येतं तेवढं नाही. तेच १२७ टक्क्यांचं. मूळ सरासरी लहान असली की टक्केवारी फुगते. पेपरात टक्का दिसला की पहिला प्रश्न, कशाचा टक्का? मुलाखतीत हा प्रश्न विचारतात, आणि भलेभले अडखळतात. (मीही अडखळले होते.)

दुसरं, विद्यार्थी हजार असले तरी एआयचं वाटप चिठ्ठ्या टाकून केलं ते एकेका विद्यार्थ्याला नाही, अख्ख्या वर्गाला. एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडे शिकतात, एकमेकांच्या वहीत बघतात. म्हणून या प्रयोगात हजार स्वतंत्र निरीक्षणं आहेत असं धरता येत नाही, आणि वर्गांची संख्या हजाराहून कितीतरी कमी आहे. लेखकांनी विश्लेषणात हे सांभाळलंय. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तुम्ही सांभाळलंय का, ते मात्र बघा. "नमुना: तीन शाळांतले ३०० विद्यार्थी" असं लिहून टी-टेस्ट लावणारे प्रबंध मी ग्रंथालयात ढिगाने पाहिलेत.

पेपराचं खरं मोठेपण कशात आहे? साधन हातात असतानाचं यश आणि साधन काढून घेतल्यावरचं यश त्यांनी वेगवेगळं मोजलं. ऐकायला किती साधं! पण शैक्षणिक ॲपांचे अहवाल उघडून बघा. "इतके तास वापर, इतके प्रश्न बरोबर, पालक इतके समाधानी." सगळी मोजमापं साधन चालू असतानाची. सायकलच्या आधाराच्या चाकांसकट मूल पडलं नाही म्हणून त्याला सायकल येते असं म्हणण्यासारखं आहे हे.

आणि एक छोटा निकाल, जो बातम्यांत फारसा आला नाही पण मला झोप लागू देईना. परीक्षेनंतर मुलांना त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज विचारला होता. साध्या चॅटवाल्यांना आपण कमी शिकलोय असं वाटतच नव्हतं. 'शिक्षक' रूपवाल्यांना तर आपण इतरांपेक्षा चांगलं केलंय असं वाटत होतं, जे खरं नव्हतं. घरी काय होतं याचा विचार करा. मूल खूश, आई खूश, स्क्रीनवर सगळं बरोबर. त्या घरात धोक्याची घंटा वाजवणारं कुणीच नाही. वाईट मजकूर दिसला तर मूल निदान दचकतं तरी. न शिकणं कुणालाच टोचत नाही, थेट सहामाहीच्या पेपरात कळतं.

आता टीका. आणि सुरुवात शीर्षकापासून करू, कारण तिथेच गंमत आहे. २०२४ मध्ये हा पेपर कार्यप्रत म्हणून फिरत होता तेव्हा त्याचं नाव साधारण असं होतं: जनरेटिव्ह एआय शिकण्याला मारक ठरू शकतं. २०२५ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला तेव्हा शीर्षकात एक अट शिरली: 'कुंपण नसलेलं' एआय मारक ठरू शकतं. शब्द थोडेच वाढले, पण वाचकाच्या हाती लागणारा अर्थ पालटला. पहिल्या शीर्षकाने पालक म्हणतील, नकोच. दुसऱ्याने म्हणतील, कुंपणवालं द्या म्हणजे झालं. आणि नेमकं हेच चाललंय. २०२५ मध्येच चॅटजीपीटीत 'स्टडी मोड' आला, जेमिनायमध्ये 'गाइडेड लर्निंग' आलं. थेट उत्तर न देता टप्प्याटप्प्याने नेणारी ही रूपं. चांगली गोष्ट आहे. पण हा पेपर पुढे करून "बघा, कुंपण घातलं की एआय शिकवतं" असं कुणी म्हणत असेल तर ते पेपरात नाही. पेपरात एवढंच आहे की कुंपण घातल्यावर नुकसान जवळपास नाहीसं झालं. फायदा दिसला नाही. वही आणि पुस्तक घेऊन बसलेला गट शेवटी बरोबरीत होता, आणि त्याच्यावर कुणी एक पैसाही खर्च केला नव्हता.

माझा मोठा आक्षेप पुढचा आहे. 'कुंपण' म्हणून जे घातलं ती एक गोष्ट नव्हती, किमान दोन होत्या. एक, उत्तर दडवणं. दोन, बरोबर उत्तर आणि शिक्षकांचं अनुभवातून आलेलं ज्ञान आत भरणं. ही दुसरी गोष्ट लहान नाही, कारण त्या साध्या चॅटची गणितं जवळपास निम्म्या वेळाच बरोबर येत होती. म्हणजे दोन एआय गटांत फरक नुसता शिकवण्याच्या पद्धतीचा नव्हता. एकाचा मास्तर निम्म्या वेळा चुकत होता आणि दुसऱ्याच्या मास्तरकडे उत्तरांची वही होती. मग नुकसान टळलं ते कशाने? उत्तर दडवल्याने, की चुका टळल्याने, की शिक्षकांच्या इशाऱ्यांनी? या रचनेतून हे वेगळं काढताच येत नाही. त्यासाठी आणखी एक गट हवा होता: उत्तर दडवणारं, पण शिक्षकांनी काहीही न भरलेलं एआय. वहिनीच्या घरी जे येणार ते नेमकं हेच. तिच्यासाठी सातवीच्या प्रत्येक उदाहरणाच्या मागे मुलं कुठे चुकतात हे लिहून कोण देणार? ज्या गोष्टीबद्दल पालक विचारताहेत, तीच नेमकी या प्रयोगात मोजलेली नाही.

कुणी म्हणेल, ते मॉडेल जुनं, आताची कुठे एवढी चुकतात? मान्य. पण जरा विचार करा. मुलं चॅटकडून बहुतेक वेळा सरळ उत्तरच मागत होती, हे लेखकांनी संभाषणं तपासून दाखवलंय. मास्तर निम्म्या वेळा चुकत असताना निदान एखाद्या हुशार पोराला शंका यायला जागा होती. उत्तर दर वेळी बरोबर यायला लागलं की तीही जाईल. हा माझा तर्क आहे, निष्कर्ष नाही. कुणाला करून बघायचं असेल तर विषय मोकळा आहे.

तिसरी गोष्ट, परीक्षा लगेच झाली. सरावानंतर, त्याच सत्रात. आठवड्याने काय उरलं असतं? नुकसान वाढलं असतं की विरलं असतं? शिकण्याच्या संशोधनात ताबडतोबची चाचणी आणि उशिराची चाचणी यांचे निकाल उलटसुलट येऊ शकतात, म्हणून हा प्रश्न किरकोळ नाही.

आणि शेवटी जागा. हे सगळं वर्गात झालं. समोर शिक्षक, भिंतीवर घड्याळ, पुढे परीक्षा. घर म्हणजे वर्ग नव्हे. घरचा पुरावा शोधायला मी एआयच्या आधीच्या एका पेपरकडे गेले. रोमेनियाच्या सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरी कॉम्प्युटर घेण्यासाठी २०० युरोची कुपनं दिली होती. उत्पन्नाची एक रेषा होती. रेषेच्या किंचित खालच्यांना कुपन, किंचित वरच्यांना नाही. अशा दोन्ही बाजूंच्या कुटुंबांची तुलना मालामूद आणि पॉप-एलेकेस यांनी केली, २०११ मध्ये छापून आली. (रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.) घरी कॉम्प्युटर आलेल्या मुलांचं कॉम्प्युटर कौशल्य वाढलं, शाळेतले गुण घसरले. पण गृहपाठाबाबत आईवडिलांचे नियम असलेल्या घरांत ही घसरण कमी होती असेही संकेत मिळाले. यंत्र तेच, घरातली शिस्त वेगळी.

आपल्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा दिल्लीचा. मुरलीधरन, सिंग आणि गानिमियन यांनी माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये आला. माध्यमिक टप्प्याच्या आसपासची ६१९ मुलं, लॉटरीने निवड, साडेचार महिने. गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ. आमच्या क्षेत्रात हे आकडे बघून लोक खुर्चीत सरळ बसतात. पण तपशील बघा. मुलं घरी बसून शिकत नव्हती, शाळा सुटल्यावर केंद्रावर येत होती. ४५ मिनिटं सॉफ्टवेअर, ४५ मिनिटं छोट्या गटात माणसाकडून शिकवणी. आणि चाचणी कागदावरची, स्वतंत्र. सॉफ्टवेअरचा हिस्सा किती आणि त्या शिकवणीचा किती, यावर वाद घालता येतो. पण "ॲप घरी दिलं की झालं" याला या पेपराचा टेकू मिळत नाही.

विरुद्ध बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर मी पण मथळेवालीच ठरेन. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या एका वर्गात १९४ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, तो २०२५ मध्ये छापून आला. तिथे एआय शिक्षकाकडून शिकलेल्यांची प्रगती वर्गात शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक होती. आणि ते विद्यार्थी तो धडा आपापल्या जागी बसूनच शिकले होते, वर्गात नाही. म्हणजे 'घर' हेच खलनायक असं म्हणता येत नाही. पण ते विद्यार्थी हार्वर्डचे, वयाने मोठे, आणि त्या एआयलाही प्राध्यापकांनी टप्प्याटप्प्याची उत्तरं आधीच भरवलेली होती. परत तीच उत्तरांची वही! दोन्ही पेपर एकत्र वाचले की माझं लक्ष यंत्रावरून उडतं आणि यंत्राच्या मागे बसून ज्यांनी ती वही लिहिली त्यांच्याकडे जातं. त्यांचे तास, त्यांचं मानधन, त्यांचं श्रेय याबद्दल निकालांच्या तक्त्यात ओळ नसते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा भाचीने मला मोबाईल दाखवला. सरळव्याजाची दहा गणितं, दहाच्या दहा बरोबर, खाली टाळ्यांचे हात. मी मोबाईल कपाटात ठेवायला सांगितला आणि कागदावर एक लिहून दिलं: द.सा.द.शे. ८ दराने ३ वर्षांचं सरळव्याज १२०० रुपये झालं, तर मुद्दल किती? तिने बाराशेला आठाने गुणलं, तिनाने गुणलं, शंभराने भागलं आणि २८८ लिहिलं. मी विचारलं, "अगं, व्याजापेक्षा मुद्दल कमी?" तर म्हणाली, "आत्या, ते असं उलटं विचारतच नाही."

मग आम्ही दोघींनी जुनं बोलणं वाचून काढलं. साधन बिचारं नीट वागत होतं. "सूत्र आठवतंय का?" असं विचारत होतं. ती लिहायची, "तूच सांग." दोनदा टाळायचं, तिसऱ्यांदा सांगायचं. तिला तिसऱ्यांदाचं गणित पक्कं कळलं होतं. तुर्कस्तानातली पोरं काय नि आमची काय.

ही एका मुलीची गोष्ट, संशोधन नव्हे. पण तिने मला प्रश्न नीट मांडायला शिकवला. तुमच्यापैकी कुणी या विषयात सिनॉप्सिस लिहिणार असाल तर "एआय साधनांची परिणामकारकता: एक अभ्यास" असलं शीर्षक कृपा करून नको. पालकांना मोबाईल देऊ नका असं आपण सांगू शकत नाही, ते देणारच. पण लॉटरीने निम्म्या पालकांना एक साधा नियम देता येतो: रात्री एआयबरोबर सराव झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धड्यातलं एक गणित, मोबाईलशिवाय, कागदावर, शक्यतो उलटं फिरवलेलं. निम्म्यांना फक्त मी फोनवर सांगितली ती सुरक्षिततेची यादी. महिन्याने सगळ्यांची एकच कागदी चाचणी, ती तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसावं. आणि मुलाला आधी विचारून ठेवायचं, तुला किती येतील असं वाटतं? तो अंदाज आणि खरे गुण यांतलं अंतर हेच मी मुख्य मोजमाप धरेन. मार्गदर्शक म्हणतील, नमुना किती घेणार, पैसे कोण देणार. म्हणू देत. उत्तरं तयार ठेवा.

वहिनीला मी फोनवर दिलेलं उत्तर दुरुस्त केलं. आता ती सकाळी चहाच्या वेळी जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर पुस्तकातलं एक गणित उतरवून देते. वहिनी बारावीला कला शाखेची, गणित तपासता येत नाही, म्हणून उत्तरसूची उघडून बसते आणि पोरीला एवढंच विचारते, "हे कसं काढलंस ते मला सांग." पहिल्या आठवड्यात सहातली चार चुकली आणि घरात थोडी रडारड झाली. परवा तिचा मेसेज होता: मुद्दल काढता येतंय, मुदत काढायला अडतंय, रविवारी फोन कर.